बाहुल्यांचा धनी

१९९६ सालच्या नाताळच्या तोंडावर उत्तर अमेरिकेतील खेळण्यांच्या दुकानांत एका लाल, केसाळ बाहुल्यासाठी अक्षरशः झोंबाझोंबी झाली. पोट दाबले की खिदळणारा आणि तिसऱ्यांदा दाबताच सर्वांगाने थरथरणारा हा बाहुला म्हणजे ‘टिकल मी एल्मो’. दुकानातील किंमत जेमतेम २९ डॉलर. पण माल संपल्यावर तोच शेकडो डॉलरना हातोहात विकला जाऊ लागला. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे दुकानात एल्मोची नवी खोकी आलेली पाहून ग्राहकांचा लोंढा असा काही उसळला, की ती उतरवून घेणारा कर्मचारी पायदळी तुडवला जाऊन रुग्णालयात दाखल झाला. नाताळपर्यंत सुमारे १० लाख एल्मो विकले गेले.

एल्मो हा ‘सेसमी स्ट्रीट’ या शैक्षणिक बालमालिकेतला रहिवासी. मालिकेतल्या बाहुल्यांचे विश्व ज्याने उभे केले, तो जिम हेन्सन ही झुंबड पाहायला हयात नव्हता. सहा वर्षांपूर्वीच त्याचे निधन झाले होते. एके काळी आपल्या या बाहुल्या खेळणी म्हणून बाजारात आणायलाच हेन्सन यांचे मन धजत नव्हते, हे त्या गर्दीतल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

जेम्स मॉरी हेन्सन यांचा जन्म २४ सप्टेंबर १९३६ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. वडील सरकारी कृषी खात्यात शास्त्रज्ञ. बालपण जवळच्या लेलंड या लहान गावात, ओढ्याकाठी बेडूक आणि मासे पाहण्यात गेले. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब राजधानी वॉशिंग्टनलगतच्या मेरीलँड राज्यात आले. शिवणकाम, भरतकाम आणि चित्रकला यांत रमणारी आजी हा या मुलाच्या आयुष्यातला मोठा आधार होता. सुई-दोरा ही बायकांची गोष्ट, असा संकोच त्याला कधी वाटला नाही, याचे श्रेय बहुधा तिलाच द्यावे लागेल. घरात दूरचित्रवाणी संच यावा म्हणून त्याने आईवडिलांकडे लकडा लावला आणि १९५० मध्ये तो आला. या नव्या यंत्राने मुलाला जे झपाटले, ते कायमचेच.

बाहुल्यांची मात्र त्याला उपजत ओढ होती, असे म्हणता येत नाही. १९५४ मध्ये एका स्थानिक वाहिनीला बाहुल्या नाचवणारा तरुण हवा होता. शाळेतून बाहेर पडत असलेल्या हेन्सन यांना कसेही करून दूरचित्रवाणीत शिरायचे होते. त्यांनी ग्रंथालयातून बाहुल्यांवरची पुस्तके आणली, एका मित्राच्या साथीने बाहुल्या बनवल्या आणि काम मिळवले. पुढे मेरीलँड विद्यापीठात त्यांनी गृहशास्त्राची पदवी घेतली. कारण साधे होते. बाहुल्या आणि वस्त्रकला यांचे वर्ग त्याच विभागात भरत. तिथेच जेन नेबेल ही सहाध्यायी भेटली. ती आधी व्यवसायात भागीदार आणि १९५९ मध्ये पत्नी झाली.

९ मे १९५५ पासून वॉशिंग्टनच्या डब्ल्यूआरसी वाहिनीवर या दोघांचा ‘सॅम अँड फ्रेंड्स’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या एका प्राण्यासाठी हेन्सन यांनी आईचा जुना हिरवट कोट कापला आणि टेबल टेनिसचा चेंडू अर्धा करून डोळे बसवले. हाच केरमिट. तेव्हा तो बेडूक नव्हता, सरड्यासारखा कुणीतरी होता. बेडूकपण त्याला पुढे काही वर्षांनी लाभले.

हेन्सन यांचे वेगळेपण इथेच दिसू लागले. तोवर दूरचित्रवाणीवरचे बाहुल्यांचे खेळ जत्रेतल्यासारखे होत. छोटासा रंगमंच मांडायचा, पडद्यामागे माणूस लपायचा आणि समोर कॅमेरा लावायचा. हेन्सन यांनी तो रंगमंचच काढून टाकला. दूरचित्रवाणीच्या पडद्याची चौकट हाच रंगमंच मानायचा, कलावंताने तिच्या खाली राहून हात वर धरायचा आणि समोरच्या छोट्या पडद्यावर आपली बाहुली पाहत पाहत तिला खेळवायचे. लाकडी तोंडाऐवजी त्यांनी फोम आणि मऊ कापड वापरले. कलावंताचा एक हात बाहुलीच्या डोक्यात, अंगठा म्हणजे खालचा जबडा. बोटे जराशी आवळली की चेहऱ्यावर नाराजी उमटे, सैल सोडली की आश्चर्य. या बाहुल्यांना त्यांनी ‘मपेट’ असे नाव दिले.

कार्यक्रमाने नाव दिले, पण पैसा दिला तो जाहिरातींनी. १९५७ पासून एका स्थानिक कॉफी कंपनीसाठी हेन्सन यांनी काही सेकंदांच्या जाहिरातींची मालिकाच केली. त्यात दोन बाहुले होते, विल्किन्स आणि वाँटकिन्स. एक कॉफीचा भक्त, तर दुसरा ती प्यायला नकार देणारा. आणि नकार देणाऱ्याला दर वेळी तोफेने उडवले जाई, नाहीतर डोक्यात काहीतरी बसे. लोकांना या जाहिराती इतक्या आवडल्या, की कंपनीने त्या जोडगोळीचे व्हिनाइलचे हातबाहुले ग्राहकांना देऊ केले. मपेटच्या रूपातील विक्रीयोग्य वस्तूंचा इतिहास असा कॉफीच्या डब्यापासून सुरू होतो. बालशिक्षणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

१९५८ मध्ये हेन्सन युरोपात हिंडून आले. तिथे बाहुल्यांचा खेळ ही प्रौढांनी गंभीरपणे जोपासलेली कला आहे, हे त्यांनी पाहिले आणि या धंद्यात राहायचे की नाही हा मनातला प्रश्न सुटला. १९६३ मध्ये कुटुंब आणि कंपनी न्यूयॉर्कला हलली. लेखक जेरी जूल, बाहुल्या घडवणारे डॉन सालिन आणि अवघ्या १९ वर्षांचा फ्रँक ऑझ अशी मंडळी जमली. कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी बनवलेला राउल्फ हा कुत्रा ‘जिमी डीन शो’मध्ये पियानो वाजवू लागला आणि देशभर ओळखीचा झाला. तो विकत घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हेन्सन यांनी तो साफ फेटाळला. आपण निर्माण केलेले पात्र विकायचे नाही, असे त्यांनी आपल्या प्रतिनिधीला बजावले होते. बोलायला अतिशय मृदू, आवाज कधी न चढवणारा हा उंच, दाढीधारी माणूस मालकी हक्काच्या बाबतीत मात्र लोखंडासारखा होता. पुढे जे घडले ते समजून घ्यायचे तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधील एका घरगुती मेजवानीत कार्नेगी कॉर्पोरेशनचे मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांनी दूरचित्रवाणी निर्मात्या जोन गँझ कूनी यांना विचारले, की लहान मुलांना या माध्यमातून शिकवता येईल का. मॉरिसेट यांची तीन वर्षांची मुलगी पहाटे उठून संचासमोर बसे आणि जाहिरातींची गाणी तिला तोंडपाठ होती. मुले साबणाची गाणी पाठ करतात, तर मुळाक्षरे आणि आकडेही जाहिरातीसारखेच मांडले तर? गरीब शहरी वस्त्यांतली मुले शाळेत पाऊल टाकतानाच मागे असतात. हे अंतर थोडे तरी कमी करावे, हा मूळ उद्देश होता. १९६८ मध्ये ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था स्थापन झाली. सुरुवातीचे ८० लाख डॉलर उभे राहिले. त्यातले जवळपास निम्मे संघराज्य सरकारचे, बाकीचे मुख्यतः कार्नेगी आणि फोर्ड या संस्थांचे.

जाहिरातीच्या तंत्राने शिकवायचे, तर जाहिरातींतला वाकबगार माणूस हवाच. निर्माते जॉन स्टोन यांनी हेन्सन यांचे नाव सुचवले. संस्थेच्या एका चर्चासत्रात मागच्या रांगेत दाढी राखलेला, चामडी पेहरावातला एक अनोळखी माणूस शांतपणे बसलेला पाहून कूनी क्षणभर घाबरल्या. तो काळ अतिरेकी विद्यार्थी चळवळींचा होता. हा कुणी बॉम्ब टाकायला आलेला तर नाही, अशी शंका त्यांना आली. तो बॉम्बवाला नव्हता, बाहुलीवाला होता.

हेन्सन यांना मात्र लगेच होकार द्यावासा वाटला नाही. आपण बालरंजनकार म्हणून शिक्का मारून घेऊ, ही भीती त्यांना होती. त्यांची स्वप्ने प्रौढ प्रेक्षकांची आणि चित्रपटांची होती. १९६५ च्या ‘टाइम पीस’ या त्यांच्या लघुपटाला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. पण त्यांना स्वतःला लहान मुले होती आणि दूरचित्रवाणीवर मुलांसाठी जे चालले होते ते त्यांना पाहवत नव्हते. अखेर तडजोड झाली. हेन्सन यांनी आपले कलावंताचे मानधन सोडले. त्या बदल्यात मालिकेतल्या मपेटची मालकी त्यांच्याकडे राहील आणि त्यांपासून पुढे काही मिळकत झालीच तर ती दोघांत वाटली जाईल, असे ठरले. १९६९ मध्ये ही मिळकत किती होईल याचा अंदाज दोन्ही बाजूंना नव्हता.

१० नोव्हेंबर १९६९ रोजी मालिका सुरू झाली. त्याआधी फिलाडेल्फियात घेतलेल्या चाचणीत एक अडचण निघाली होती. बाहुल्या पडद्यावर असेपर्यंत मुले खिळून बसत, पण गल्लीतली माणसे बोलू लागली की त्यांचे लक्ष उडे. खरी माणसे आणि काल्पनिक पात्रे एकत्र दाखवू नका, असा मानसशास्त्रज्ञांचा आग्रह होता. निर्मात्यांनी तो बाजूला सारला. हेन्सन यांनी गल्लीत वावरण्यासाठी आठ फूट दोन इंच उंचीचा पिवळा ‘बिग बर्ड’ आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडका ‘ऑस्कर’ घडवले. स्वतः ते ‘अर्नी’ झाले आणि फ्रँक ऑझ ‘बर्ट’. दुसऱ्या वर्षी हेन्सन यांच्या जन्मराज्यात, मिसिसिपीत, गोरी-काळी मुले एकत्र दिसतात म्हणून शासकीय मंडळाने मालिकेवर बंदी घातली. देशभर ओरड झाल्यावर सुमारे तीन आठवड्यांत ती उठवावी लागली.

लोकप्रियतेपाठोपाठ खेळणीवाले दाराशी आले, यात नवल नव्हते. प्रश्न गंभीर होता. मालिका करदात्यांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या पैशावर उभी होती आणि ती मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांसाठी होती. तीन-चार वर्षांच्या मुलाला शिकवणे कुठे संपते आणि विकणे कुठे सुरू होते, हे कळत नाही. ज्या बिग बर्डवर मूल विश्वास टाकते, तोच दुकानात उभा राहिला तर त्या विश्वासाचे काय? जाहिरातींवर वाढलेल्या हेन्सन यांना हे इतरांपेक्षा जास्त कळत होते. एखाद्या बाहुल्याने माल कसा खपतो, हे त्यांनी तोफा उडवून दाखवलेच होते. मालिका यशस्वी झाल्यावर त्यांनी जाहिरातींचे काम जवळजवळ बंद केले आणि मालिकेतल्या पात्रांच्या वस्तू काढायला ते कचरू लागले.

त्यांचे मन वळले ते एका अटीवर. संस्थेच्या वाट्याचा नफा मालिका आणि तिचे समाजकार्य यांखेरीज कशावरही खर्च होणार नाही, असे आश्वासन कूनी यांच्या संस्थेने दिले. १९७० मध्ये संस्थेने यासाठी वेगळा विभाग काढला आणि नियम आखले. प्रत्येक वस्तूने मालिकेतला अभ्यासक्रम पुढे न्यावा, किंमत परवडणारी असावी, मालिकेच्या वेळेत तिची जाहिरात होऊ नये आणि अंतिम निर्णय उत्पादकाचा नव्हे तर संस्थेचा राहावा. रंगवण्याच्या पुस्तकांना तर सुरुवातीला मनाईच होती. आखून दिलेल्या रेषांत रंग भरल्याने कल्पनाशक्तीला वेसण बसते, असे संस्थेतल्या शिक्षणतज्ज्ञांना वाटे. आज हा सोवळेपणा वाटेल. पण व्यापाराचा कसलाही अनुभव नसलेल्या माणसांनी बड्या कंपन्यांपुढे अशा अटी ठेवाव्यात, हे धाडसच होते.

पहिल्या फळीत ध्वनिमुद्रिका, पुस्तके आणि मासिक आले. अर्नीच्या आवाजात हेन्सन यांनी गायलेले रबरी बदकाचे गाणे १९७० मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. न्हाणीघरातल्या बदकावरचे बालगीत प्रौढांच्या यादीत! १९७१ मध्ये जॉन स्टोन यांनी लिहिलेले, ग्रोव्हर हा निळा राक्षस वाचकाला पान न उलटण्याची गयावया करतो ते चित्रमय पुस्तक आले आणि पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिले. १९७५ मध्ये फिशर-प्राइसने मालिकेतली गल्लीच छोट्या लाकडी-प्लास्टिकच्या माणसांसह खेळण्यात उतरवली. मऊ बाहुल्या, हातबाहुल्या, कोडी यांची रीघ लागली.

इथे एक खोच आहे. मपेटचा जीव त्यांच्या कापडात नसतो, आत घातलेल्या हातात असतो. दुकानात कापूस भरून ठेवलेला अर्नी हा अर्नीचा फोटोच. तरीही मुलांना तो हवा होता, कारण संच बंद झाल्यावर उशाशी घेऊन झोपता येईल असा तो एकच अर्नी होता. हेन्सन यांच्या मंडळींचा कटाक्ष असे तो डोळ्यांवर. बुबुळे किंचित आत वळलेली, एखाद्या बिंदूकडे रोखलेली असली तरच बाहुली पाहते आहे असे वाटते. डॉन सालिन यांनी बसवलेल्या या नजरेत केसभर फरक पडला, तरी चेहरा मुका होतो.

या वस्तू वरवरची सजावट राहिल्या नाहीत, मालिकेचा कणा झाल्या. १९७८ मध्ये सरकारी अनुदानाचा २० लाख डॉलरचा धनादेश आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसापर्यंत अडला आणि सरकारवर विसंबून चालणार नाही हे संस्थेला उमगले. १९८१ पासून संघराज्याचे अनुदान थांबले. त्यानंतर अक्षरे-आकड्यांचा खर्च मुख्यतः परवाने, पुस्तके आणि परदेशी विक्री यांतून निघू लागला. एखाद्या सुखवस्तू घरात घेतलेला बाहुला दुसऱ्या वस्तीतल्या मुलाच्या मोफत शिक्षणाला हातभार लावू लागला. या व्यवस्थेत आतबट्ट्याचे काही नव्हतेच, असे नाही. खेळण्यांवर चालणाऱ्या मालिकेत खेळणी होऊ शकणारी पात्रेच पुढे सरकणार, हा धोका होताच. एल्मोच्या वाढत गेलेल्या प्रस्थाने अनेक जुन्या चाहत्यांना तो जाणवलाही.

हेन्सन यांच्या वाट्याला आलेल्या पैशाने त्यांना स्वातंत्र्य दिले. अमेरिकी वाहिन्यांनी नाकारलेला ‘मपेट शो’ ब्रिटनच्या लू ग्रेड यांच्या पाठबळावर १९७६ ते १९८१ या काळात लंडनजवळच्या एल्स्ट्री येथे तयार झाला. त्याचे १२० भाग शंभराहून अधिक देशांत दिसले. केरमिट आणि मिस पिगी जगभर पोहोचले. पुढे ‘द डार्क क्रिस्टल’ आणि ‘लॅबिरिंथ’ हे महत्त्वाकांक्षी चित्रपट आले. १९८६ च्या ‘लॅबिरिंथ’च्या अपयशाने ते खचले, त्याच वर्षी पत्नीपासून ते विभक्त झाले. हा सारा पसारा चालू असतानाही वर्षातले काही दिवस ते सेसमी स्ट्रीटसाठी राखून ठेवत आणि फ्रँक ऑझसोबत अर्नी-बर्टच्या नाट्यछटा करून येत.

सततच्या कारभाराने थकलेल्या हेन्सन यांनी ऑगस्ट १९८९ मध्ये आपली कंपनी डिस्नेला विकण्याचा करार जाहीर केला. रक्कम सुमारे १५ कोटी डॉलर सांगितली गेली. काहीही न विकणारा माणूस अखेर विकायला निघाला होता. हिशेबाची डोकेदुखी दुसऱ्याने घ्यावी आणि आपण नवे काही घडवत बसावे, एवढाच त्यामागचा हेतू. मात्र सेसमी स्ट्रीटची पात्रे त्यांनी करारातून पूर्णपणे बाहेर ठेवली. डिस्नेला त्यांचा मोह होता. बाजाराच्या दृष्टीने तीच सर्वांत दुभती होती. हेन्सन यांनी तो विषय चर्चेलाच येऊ दिला नाही. ती पात्रे डिस्नेकडे गेली असती, तर कूनी यांच्या संस्थेचा श्वासच दुसऱ्याच्या मुठीत गेला असता.

करारावर अंतिम सह्या व्हायच्या होत्या. मे १९९० च्या सुरुवातीला हेन्सन यांचा घसा दुखू लागला. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, हा स्वभाव. डॉक्टरकडे जाणे लांबले. १५ मेच्या पहाटे त्यांना न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नेले, तेव्हा स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचा संसर्ग शरीरभर पसरला होता. १६ मे रोजी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. वय अवघे ५३. आपल्या निरोपाला कुणी काळे कपडे घालू नयेत आणि बँड वाजावा, असे त्यांनी चार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. २१ मे रोजी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथीड्रलमध्ये हजारो लोक रंगीत कपड्यांत, हातात फोमची फुलपाखरे घेऊन जमले. आठ फुटी बिग बर्ड एकटाच पुढे आला आणि त्याने केरमिटचे गाणे म्हटले. आत होते कॅरोल स्पिनी, ते पात्र पहिल्या दिवसापासून सांभाळणारे कलावंत.

डिसेंबर १९९० मध्ये डिस्नेचा सौदा फिसकटला. २००० मध्ये हेन्सन यांच्या मुलांनी कंपनी जर्मनीच्या ईएम टीव्हीला विकली आणि त्या उलथापालथीत त्याच वर्षअखेरीस सेसमी स्ट्रीटच्या बाहुल्यांची मालकी मालिकेच्याच संस्थेने, आताच्या सेसमी वर्कशॉपने, विकत घेतली. २००३ मध्ये मुलांनी कंपनी परत मिळवली. २००४ मध्ये केरमिट आणि मिस पिगी मात्र डिस्नेकडे गेलेच. भारतात ऑगस्ट २००६ पासून ‘गली गली सिम सिम’ सुरू झाली आणि शाळेच्या गणवेशातली चमकी इथल्या घरांत आली. मालिकेच्या पन्नाशीनिमित्त २०१९ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने तिच्या पात्रांची १६ तिकिटे काढली. पुढच्या वर्षी लेगोने १,३६७ तुकड्यांतून गल्लीतले १२३ क्रमांकाचे घर उभे केले. 

आईच्या कोटातून कापलेला पहिला केरमिट यांपैकी कोणत्याच व्यवहारात नव्हता. ‘सॅम अँड फ्रेंड्स’मधल्या इतर बाहुल्यांसह जेन हेन्सन यांनी २०१० मध्ये तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला देऊन टाकला.